तळाचं तेल

ओट्याखालच्या कपाटात एकवीस वस्तू होत्या. मी त्या जमिनीवर मांडल्या आणि त्यांच्या तीन रांगा केल्या: राहतील अशा, जातील अशा, आणि नाकाला विचारावं लागेल अशा. राहणाऱ्या नऊ. जाणाऱ्या अकरा. त्यांत बेकिंग पावडर होती, ती गरम पाण्यात टाकल्यावर फसफसायला हवी, पण तळाशी जाऊन गुपचूप बसली. पांढरे कपडे स्वच्छ करायचं ब्लीच होतं, ज्यात आता बाटलीवरच्या इशाऱ्याखेरीज जहाल असं काही उरलं नव्हतं. उन्हात लावायच्या क्रीममधून पाणी वेगळं झालं होतं. खोकल्याच्या औषधाचा गाळ हलवूनही वर येत नव्हता. पिठाच्या एका डब्याच्या कोपऱ्यात बारीक जाळी होती, ती बोटाला लागली तशी ताणली गेली आणि तुटली. तिसऱ्या रांगेत एकच वस्तू होती, तेलाचा डबा. आईला गुडघ्यामुळे फार वेळ खाली बसता येत नाही, म्हणून मी घरी आले की हे कपाट माझ्या वाट्याला येतं. आई पाठमोरी उभी राहून पीठ मळत होती. मी डब्याचं झाकण काढलं, नाक जवळ नेलं आणि नकळत मागे घेतलं. जुने मेणाचे रंगखडू, ओला पुठ्ठा, आणि त्यामागून खिडकीच्या चौकटीला लावतात त्या लांबीचा वास. यात नाकाला विचारण्यासारखं काहीच नव्हतं. मी डबा उचलून तिच्यासमोर धरला आणि म्हणाले, "आई, वास बघ याचा." तिने पिठाचे हात वर धरले, मान खाली घातली, चांगला आवाज करत श्वास घेतला आणि म्हणाली, "छान आहे की. परवाच ओतलंय नवीन." हे म्हणताना ती डब्याकडे नव्हे, माझ्या तोंडाकडे बघत होती.

तेवढ्यावरून मला कळलं. आमच्या प्रयोगशाळेत वास घेण्यासाठी माणसं निवडतात तेव्हा पहिल्या दिवशी त्यांच्या नाकाची नव्हे, डोळ्यांची परीक्षा होते. ज्याला वास येतो त्याची नजर कुठेच नसते, तो आत बघत असतो. ज्याला येत नाही तो समोरच्याच्या चेहऱ्यावर उत्तर शोधतो. माझं काम तारखा ठरवण्याचं. बाटलीवर अमुक महिन्याआधी वापरा असं छापलेलं असतं, ते कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि आमच्या कंपनीच्या तेलांपुरती ती कुणीतरी मी. आम्ही बाटल्या उबेच्या कपाटात ठेवतो, त्यांना लवकर म्हातारं करतो, ठरावीक दिवशी बाहेर काढून मोजतो आणि हुंगतो. चार-पाच नमुने झाले की नाक थकतं, मग स्वतःच्या कोपराच्या आतला भाग हुंगायचा. आपला वास आपल्याला येत नाही, म्हणून तो शून्य धरायचा. मी तिथे ओट्यापाशी उभी राहून कोपर हुंगलं आणि पुन्हा डब्यावर वाकले. तोच वास. आई म्हणाली, "कुत्र्यासारखी काय हुंगत बसलीस? झाकण लाव, माशी पडेल."

हा डबा माझ्याहून मोठा आहे. पत्र्याचा, निळ्या झाकणाचा, एका अंगाला पोचा आलेला. त्याचा तळ मी आयुष्यात पाहिलेला नाही. आमच्या घरचा एक नियम होता, कुठल्याच घरात तो मी नंतर पाहिला नाही: तेल अर्ध्यावर आलं की वरून नवीन ओतायचं. डबा रिकामा दिसला की घर रिकामं दिसतं, असं आई म्हणायची, आणि तिच्या माहेरी बहुधा तशी वेळ येऊन गेली असावी, कारण हे वाक्य ती चेष्टेत कधी म्हणाली नाही. म्हणजे हिशेब केला तर तळाशी माझ्या शाळेच्या वर्षांतलं तेल थोडंतरी असणार. आणि जुनं तेल नुसतं पडून राहत नाही. ते नव्याला विरजण लावतं. चांगली, कालची, सीलबंद बाटली त्यावर ओतली तरी चार दिवसांत तिचीही तीच गत होते. पूर्वी हे चालून जायचं, कारण आईची बिस्किटांची भट्टी रोज पेटायची, तेल झरझर खाली जायचं, आणि जरा वास बदलला की ती एखाद दिवशी बरंचसं ओतून टाकून वर ताजं भरायची. तिचं नाकच तसं होतं. मी लहान असताना बिस्किटं भट्टीत टाकून ती खुशाल गॅलरीत कपडे वाळत घालायला जायची आणि तिथूनच ओरडायची, "झाली! काढ ती!" मी झाकण उघडायची तर खरंच झालेली असायची, एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. आता भट्टीवर गजराची दोन घड्याळं होती. एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून, ती म्हणाली होती, आणि गेल्या खेपेला मी ते ऐकून सोडून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी आई-बाबा दोघांनाही ताप येऊन गेला, दोघांचाही वास गेला. बाबांचा तीन आठवड्यांत परत आला, हे कळलं, कारण त्यांनी शेजाऱ्यांच्या तळणीबद्दल तक्रार सुरू केली. आईला फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझाही आला गं. नाक कुठे पळून जातंय?"

पाच दुकानं तिची बिस्किटं ठेवायची. आता दोन. उरलेल्या तिघांनी खरं कारण सांगितलं नाही, सांगत नाहीतच. एक म्हणाला लोक हल्ली पाकिटातलं मागतात. एक म्हणाला जागा कमी पडते. तिसऱ्याने नुसतंच "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलं, आणि तो आठवडा आलाच नाही. आई हे सांगायची तेव्हा जगाच्या रुचीवर चिडायची, आणि मी तिची री ओढायची. आता दवाखान्याच्या उपाहारगृहाने नमुना मागितला होता. तिथल्या बाई सोमवारी चाखून बघणार होत्या. ते मिळालं तर भट्टी पुन्हा रोज पेटली असती. नाही मिळालं तर, आई आदल्या दिवशी चहा गाळताना म्हणाली होती, "मग झाकून ठेवेन भट्टी, आणि बसेन ह्यांच्यासमोर खुर्ची टाकून." ती हसली होती, पण चहा गाळणीच्या बाहेर सांडला होता.

बाबा पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसलेले होते. ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांच्या तराजूंत खोट काढली, आणि खोट काढण्याची नजर काही कचेरीच्या खुंटीला टांगून घरी येता येत नाही. मीठ कमी आहे. हे जरा जास्त शिजलं. कालच्यापेक्षा आज पातळ. ते रागाने म्हणत नसत, नोंद केल्यासारखं म्हणत, आणि बहुतेक वेळा बरोबर असत, हेच जास्त जिव्हारी लागायचं. आईचं उत्तर ठरलेलं: "तुम्हाला काय कळतंय त्यातलं? तराजू बघा तुमचा." मी आठेक वर्षांची असताना पहिला दुकानदार बिस्किटं बघायला घरी आला होता. बशी फिरली. बाबांनी एक चावून पाहिलं, आणि त्यांच्या त्या नोंदीच्या आवाजात म्हणाले, "सोडा किंचित जास्त झालाय." आई म्हणाली, "ह्यांच्याकडे लक्ष देऊ नका हो. ह्यांच्या जिभेला चव नाही, नुसती धार आहे." सगळे हसले. दुकानदार सर्वांत मोठ्याने हसला, कारण त्याचा तराजू बाबांनी आदल्याच वर्षी जप्त केला होता. बाबाही हसले. मला त्यांचं हसणं आठवतं, कारण ते सगळ्यांच्या नंतर सुरू झालं आणि सगळ्यांच्या आधी थांबलं.

आता त्यांच्यासमोर बशी होती, बशीत दोन बिस्किटं, कालच्या घाण्यातली. एक त्यांनी चहात बुडवलं होतं. मी समोर बसले आणि विचारलं, "कशी आहेत?"

"आहेत."

मी दुसरं उचलून तुकडा तोडला. वासाच्या आधी घशाशी ती कडवट खरखर आली. "बाबा, खवट आहेत ही."

"हो का?" त्यांनी बुडवलेलं बिस्किट तोंडात टाकलं, शांतपणे चावलं, गिळलं. "मला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्हाला वास येतो."

"चौकातला कचरा उचलला की नाही, हे मला इथे बसून कळतं."

"मग कधीपासून आहेत अशी?"

"तू शास्त्रज्ञ. तू सांग."

"तिला का नाही सांगितलंत?"

त्यांनी बशी थोडी पुढे सरकवली. एखादं वजन पारड्यावर ठेवावं तशी. "सांगितलं की. मीठ सांगितलं, सोडा सांगितला, सगळं सांगितलं. उत्तर काय मिळालं ते तुला पाठ आहे. आता नाही सांगत. बाप सुधारला म्हण."

"सोमवारी ती दवाखान्यात नमुना नेणार आहे."

"नेऊ दे. परत येईल ना, तेव्हा कळेल. माझ्या तोंडून कशाला?" आणि मग, मला ज्याची अजिबात अपेक्षा नव्हती अशा एका अभिमानाने ते म्हणाले, "आणि मी खातो. रोज दोन. दोन वर्षांत एक तरी टाकलंय का, विचार तिला."

मी रिकामा कप उचलून आत आले. रिकामा कप हे निमित्त होतं, मला तिथे बसवेना. स्वयंपाकघराच्या दारामागे, जिथे भिंत आणि कपाट यांच्यात एक माणूस मावेल एवढी फट आहे, तिथे आई उभी होती. पिठाचे हात पोटाशी धरून. मला वाटलं तिने सगळं ऐकलं. पण पंख्याचा आवाज होता, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते ऐकणाऱ्याचं नव्हतं, वाट बघणाऱ्याचं होतं. ती कुजबुजली, "खाल्लं का दोन्ही?"

मी म्हटलं, एक खाल्लं, एक मी मोडलं. ती नाराज झाली. "तू कशाला मध्ये कडमडलीस? मला कळायचं कसं आता?"

मग ते हळूहळू बाहेर आलं. मी तिला स्टुलावर बसवलं, गुडघ्याखाली उशी दिली, आणि मला जे सांगायचं होतं ते अर्ध्यावर आणलं, तेल, डबा, तळ, विरजण. ती मध्येच म्हणाली, "मला वास येत नाही हे मला माहीत नाही होय गं?" तिच्या स्वरात दुःख नव्हतं, वैताग होता, मी तिला तिचंच वय सांगावं तसा. "ताप गेला तो वास घेऊनच गेला. कुणाला सांगू? दुकानदारांना? नाक नसलेल्या बाईची बिस्किटं घ्या म्हणून? चवसुद्धा निम्मी गेली. गोड कळतं, खारट कळतं, बाकी सगळा भुसा."

"मग दोन वर्षं केलंस कसं?"

"घरात नाक आहे की एक," ती म्हणाली. "ज्या माणसाने माझ्या हातच्या पाण्यालाही नाव ठेवलंय, त्याच्याहून चांगलं नाक कुठलं मिळणार? पहिल्या घाण्यातली दोन मी त्यांच्या बशीत ठेवते आणि इथे उभी राहते. काही बोलले की घाणा वाया गेला म्हणायचं. नाही बोलले की डबे भरायचे." तिने हातावरचं वाळलेलं पीठ खरवडायला सुरुवात केली. "पहिले काही महिने वाटायचं, आज बोलतील, उद्या बोलतील. एकदाही बोलले नाहीत. संपवायचे. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. वाटलं, बसला माझा हात शेवटी."

पुढच्या खोलीत बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. आईने पिठाचा एक पापुद्रा बोटावरून सोलला, तो जमिनीवर टाकला नाही, दुसऱ्या तळहातात जपून ठेवला, आणि विचारलं, "त्यांना कळत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. त्यांचाही वास गेलाय, म्हातारपण आहे, जीभ जड होते, अशी तीन कारणं माझ्या तोंडाशी तयार होती आणि तिन्ही शास्त्राला धरून होती. तिने ती मानलीही असती. पण मग सोमवारचा नमुना तसाच गेला असता, आणि त्यानंतरच्या प्रत्येक घाण्याची दोन बिस्किटं पुन्हा त्याच बशीत. बिघडलेला काटा बिघडलाय हे सांगितल्याशिवाय माणूस त्यावर वजन करणं सोडत नाही, आणि हा काटा तर बिघडलेलाही नव्हता.

"हो," मी म्हटलं.

ती रडली नाही. तिने मान हलवली, तळहातातला पापुद्रा कचऱ्याच्या डब्यात टाकला, हात धुतले आणि म्हणाली, "जा, तेल घेऊन ये. आणि काचेची बाटली आण, आरपार दिसणारी." त्या दुपारी आणि रविवारी आम्ही दोघींनी नव्याने सगळं केलं. बदाम बदलले, पीठ बदललं, बेकिंग पावडर गरम पाण्यात टाकून ती फसफसताना आईने डोळ्यांनी बघितली. मी नाक झाले. झाली की नाही हे गॅलरीतून ओरडून सांगायचं मला जमलं नाही, दर मिनिटाला भट्टीशी जाऊन हुंगावं लागलं, तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकून हेच का तुझं?" आणि आम्ही दोघी हसलो. बाबांना त्या घाण्यातली दोन बिस्किटं मिळाली. त्यांनी ती खाल्ली, मग बशीकडे जरा वेळ बघत राहिले. सोमवारी दवाखान्यातल्या बाईंनी नमुना चाखला आणि तिथेच दुसरं उचललं.

जाणाऱ्या अकरा वस्तू मी स्वतः खाली नेऊन टाकल्या. बाराव्याला हात लावला तर आई म्हणाली, "तो राहू दे. मी बघते."

"आई, ते आजच टाकायचं."

"मोरीत ओतू नको म्हणतेस ना? मग कागदात जिरवून टाकेन, थोडं थोडं. तू जा, उशीर होईल तुला."

मी डबा परत ठेवण्याआधी लाकडी चमच्याचा दांडा तळापर्यंत बुडवला आणि ओला भाग पट्टीला लावून पाहिला. दिसेल ते मोजायचं, ही सवय आहे, हेतू नव्हे. अकरा सेंटिमीटर. थोडं तेल एका लहान बाटलीत घेतलं.

प्रयोगशाळेत आमच्या मॅडमनी पहिला आकडा बघितला आणि म्हणाल्या, "यात काय आहे? हे तर ताजं दिसतंय." तेल बिघडू लागलं की हा आकडा चढतो, महिनोन्‌महिने चढत राहतो. पण फारच बिघडलं की तो पुन्हा उतरतो, कारण जे मोडायचं ते मोडून झालेलं असतं, आता मोडायला काही शिल्लक नसतं. नवशिके इथे हमखास फसतात. म्हणून दुसरी तपासणी करायची असते, मोडून पडलेल्या तुकड्यांची. ती केली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "कुठल्या रंगाच्या दुकानातून आणलंस हे?" मी म्हटलं, घरचं आहे. आमच्या इमारतीतल्या लोकांना आमचं घर फार शांत वाटतं. जिन्यात कुणी भेटलं की म्हणतात, तुझे आईवडील म्हणजे नमुना हो, इतकी वर्षं झाली, आवाज नाही. पूर्वी मी हे ऐकून बरं वाटून घ्यायची. लहानपणी भांडणाचा आवाज यायचा तेव्हा मी पांघरुणात कान झाकायची आणि देवाला सांगायची, की यांना गप्प कर.

दोन महिन्यांनी पुन्हा घरी गेले. जिन्यातच वास आला, लोण्याचा, भाजलेल्या बदामाचा, अगदी आठ वर्षांची असतानाचा. भट्टी रोज पेटत होती. वरच्या मजल्यावरच्या काकू सकाळी येऊन प्रत्येक घाणा हुंगून जात आणि मजुरी म्हणून सहा बिस्किटं पदरात पाडून घेत. आई म्हणाली, "भाड्याचं नाक आहे, पण इमानी आहे." गेलेल्या तिघांपैकी एक दुकान परत आलं होतं. काचेची बाटली ओट्यावर उजेडात उभी होती, आणि तिचा तळ दिसत होता. आईने माझ्यासाठी चहा केला, बाबांसाठी केला, त्यांच्या बशीत दोन बिस्किटं ठेवली आणि मला म्हणाली, "दे नेऊन." ती दोन ताटातल्या इतरांसारखी नव्हती. इतर साच्याने कापलेली, गोल, एकसारखी. ही हाताने थापलेली होती, कडेला बोटांचे ठसे असलेली, दोनच बिस्किटांपुरतं पीठ वेगळं मळावं तशी. पुढच्या खोलीत जाताना दारापाशी मी थांबले. बशी नाकाशी नेली. सगळ्या घरात लोण्याचा वास भरलेला होता, म्हणून कोपर हुंगलं, आणि पुन्हा बशी.

रंगखडू. ओला पुठ्ठा.

मी बशी त्यांच्यासमोर ठेवली. काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं, रोज तेच करण्यासाठी मला नेमलेलं आहे. बाबांनी पहिलं उचललं, चहात बुडवलं, तोंडात टाकलं. स्वयंपाकघराच्या दारामागे, त्या माणूसभर फटीत, साडीची कड हलली आणि स्थिर झाली. बाबांची पाठ तिकडे होती, पण खिडकीच्या काचेत ते दार दिसतं, आणि ते काचेत बघत होते.

"कशी आहेत?" मी विचारलं.

"आहेत," ते म्हणाले, आणि दुसरं उचललं. तेही संपवलं. मग बोट ओलं करून बशीतला चुरा टिपला, एक कण ठेवला नाही, आणि बशी स्वच्छ करून दाराच्या बाजूला सरकवली.

मी आत गेले. आई भट्टीशी वाकून घड्याळ लावत होती, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी ओट्याखालचं कपाट उघडलं, निळ्या झाकणाचा डबा पुढे ओढला, लाकडी चमच्याचा दांडा तळापर्यंत बुडवला आणि ओला भाग पट्टीला लावला. साडेसहा सेंटिमीटर.